‘मावशी’चा हुद्दा

कोणत्याही रुग्णालयात पाऊल टाकले की दोन हाका हमखास कानी पडतात : ‘मावशी’ आणि ‘मामा’. डॉक्टरांजवळ पदवी असते, परिचारिकेजवळ हुद्दा असतो, औषध देणाऱ्याजवळ नोंदणी क्रमांक असतो. पण रुग्णाला उचलणारी, पुसणारी, भरवणारी, त्याची घाण काढणारी जी व्यक्ती दिवसरात्र त्याच्या उशाशी असते, तिच्याजवळ केवळ एक नाते असते. सरकारी कागदावर तिला ‘कक्षसेवक’ म्हणतात. खाजगी दवाखान्यात पुष्कळदा तेवढेही नाव नसते. नात्याने हाक मारली म्हणजे माणसाला पगार मागण्याचा संकोच वाटतो, अशी तर ही सोय नाही ना?

या मंडळींना रीतसर शिक्षण व परवाना द्यावा काय, आणि त्यांचे वेतन वाढवावे काय, असा प्रश्न आहे. माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र ही दोन्ही कामे एकाच वेळी झाली पाहिजेत.

या विषयावर मी त्रयस्थपणे लिहू शकत नाही, हे आधीच सांगतो. माझी आई जालन्यातील एका खाजगी दवाखान्यात ‘मावशी’ आहे. आम्ही मूळचे अंबड तालुक्यातले. आई मोसंबीच्या बागांत रोजाने जाई. २०१२-१३ च्या दुष्काळात बागा वाळल्या आणि आम्ही शहरात आलो. बारा तासांची पाळी, महिना नऊ हजार रुपये, सुटी घेतली की खाडा. माझी कॉलेजची फी त्यातूनच भरली जाते. शासकीय सेवेत सातव्या वेतन आयोगानुसार सर्वांत खालच्या श्रेणीचे मूळ वेतनच १५,००० रुपयांपासून सुरू होते, महागाई भत्ता वेगळा. म्हणजे एकाच शहरात, तेच काम, आणि दाम मात्र निम्म्याच्या आसपास.

‘हे काम कोणीही करील’ असे आपण सहज म्हणतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही, तर पाठीला जखमा होतात. आडव्या माणसाला तसेच भरवले, तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. पिशवीत लघवी किती जमली, तिचा रंग बदलला काय, हे वेळीच सिस्टरला सांगावे लागते. सातवी शिकलेल्या माझ्या आईला हे सारे कळते. एका जुन्या सिस्टरचे पाहून पाहून ती शिकली. पण प्रत्येकीला अशी सिस्टर भेटत नाही. शिवाय माणसे कमी पडली की सलाईन बदलायलाही आईलाच सांगतात. उद्या काही बरेवाईट झाले, तर जबाबदार कोण? काय करायचे एवढेच परवाना सांगत नाही. काय करायचे नाही, हेही सांगतो. ‘हे माझे काम नव्हे’ असे म्हणण्याचे बळ त्या कागदातून यावे.

परिचारिकांसाठी आपल्या देशात १९४७ साली, तर औषधनिर्मात्यांसाठी १९४८ साली कायदा झाला. प्रयोगशाळेतील व क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञांसाठी २०२१ साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. मावशी-मामा मात्र अजून दाराबाहेरच उभे आहेत. हे शिक्षण अशक्य आहे असेही नाही. कोरोनाच्या काळात, जून २०२१ मध्ये, केंद्र शासनाने रुग्णसेवेच्या सहा प्रकारच्या कामांसाठी एक लाखाहून अधिक लोकांना अल्प मुदतीचे शिक्षण देण्याचा कार्यक्रम हाती घेतला होता. संकटात जे सुचले, ते एरवी का सुचू नये?

काही मित्र म्हणतात, सेवा हे पुण्यकर्म आहे, त्याचा हिशेब कसला? सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो आणि तेच काम करणाऱ्या बाईला ‘ए बाई’ म्हणतो. पुण्य जर एवढे मोठे असेल, तर ते सर्वांनी वाटून घ्यावे. गरिबाच्याच पदरात सगळे का टाकावे? खरी गोष्ट अशी की, मलमूत्र काढणे हे आपण काही जातींच्या आणि बायकांच्या वाट्याचे काम मानले, म्हणून ते स्वस्त राहिले. परिचारिकेचे कामही एके काळी भल्या घरात हलके मानत. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याच्या सेवासदनाने स्त्रियांना ते शिकवले, पुढे कायद्याने नोंदणी आली, आणि समाजाची दृष्टी हळूहळू बदलली.

परंतु नुसत्या परवान्यावर माझा विश्वास नाही. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहांतील साहाय्यकांना किमान ७५ तासांचे शिक्षण व नोंदणी सक्तीची केली. तरीही ते तेथील कमी पगाराच्या कामगारांतच मोडतात. आपल्याकडे उद्या ‘दहावी पास’ अशी अट घातली, तर माझ्या आईसारख्या हजारो जणी घरी बसतील आणि परवाना हे चिरीमिरीचे नवे निमित्त होईल. म्हणून परीक्षा मराठीत, तोंडी आणि प्रत्यक्ष कामाची असावी. जुन्या अनुभवाला मान असावा. खर्च मालकाने सोसावा. आणि परवान्याबरोबर ठरलेले वेतन देणे बंधनकारक असावे. बिल वाढेल म्हणाल, तर ज्या बिलात खोलीचे भाडे आणि तपासण्यांचे आकडे निमूट मांडले जातात, त्यात मावशीच्या मजुरीचाच आकडा कसा जड होतो?

२०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शंभर भावी डॉक्टर जेथे दरवर्षी प्रवेश घेतात, तेथे पन्नास मावशी-मामांसाठी एक वर्ग निघावा, ही मागणी फार मोठी नाही. ती आपण विद्यार्थ्यांनी करावी. आपल्यापैकी कितीजणांच्या घरून अशी बारा तासांची पाळी निघते, हे वर्गातल्या हजेरीपटावरून कळत नाही, एवढेच.

— बी. ए. द्वितीय वर्ष