'सर्व्हर डाऊन' हे उत्तर नाही, मालक!



व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा विषय इथं सविस्तर लिहितोय.

पेरणीच्या दिवसांत टेंभुर्णीला गेलो होतो. सोलापूरचं नाही, आपलं जालना जिल्ह्यातलं, जाफराबाद तालुक्यातलं टेंभुर्णी. एका कृषी सेवा केंद्रात बसलो होतो. काउंटरवर गर्दी. एक शेतकरी सोयाबीन बियाण्याची पिशवी घेऊन उभा. मालक म्हणाले, "दादा, जरा थांबा, सर्व्हर डाऊन आहे." शेतकरी थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग पिशवी काउंटरवर ठेवली आणि समोरच्या दुकानात गेला. त्याच्या मागोमाग अजून दोघं गेले.

मालकाला म्हटलं, "सर्व्हर डाऊन आहे हे कशावरून?" म्हणाले, "सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला, तोच म्हणाला."

आता व्यवस्था समजून घ्या. मालकांची दुकानं दोन. एक टेंभुर्णीत, दुसरं जाफराबादला. गोदाम जाफराबादला. दोन्हीकडे कॉम्प्युटर, दोन्हीकडे एसक्यूएल सर्व्हर. टेंभुर्णीत बिल बनलं की इथला सर्व्हर तिथल्या सर्व्हरला विचारतो, 'माल आहे का? असेल तर एवढा कमी कर.' दोन डेटाबेस सर्व्हर असे एकमेकांना जोडले की त्याला लिंक्ड सर्व्हर म्हणतात.

मी जाफराबादच्या दुकानात फोन लावायला सांगितला. तिकडून उत्तर आलं, "आमच्याकडं तर बिलं धडाधड निघतायत." म्हणजे सर्व्हर डाऊन नव्हताच! तुटलं होतं ते मधलं कनेक्शन. आणि सॉफ्टवेअरवाला तोपर्यंत नवीन मोठा सर्व्हर घ्या म्हणून सांगून मोकळा झाला होता.

माझं मत स्पष्ट आहे. छोट्या उद्योजकानं 'सर्व्हर डाऊन' हे वाक्य कुणाकडूनही उत्तर म्हणून स्वीकारू नये. स्वतः तर ग्राहकाला ते सांगूच नये. तुम्ही इंजिनिअर व्हा असं मी म्हणत नाही. पण नेमकी कुठली कडी तुटली, हे विचारता आलं पाहिजे.

विहिरीवरची मोटार आठवा

काही जण म्हणतील, "सर, हे कॉम्प्युटरवाल्याचं काम, आम्ही धंदा करायचा का हे बघायचं?" मी म्हणतो, मोटार चालू झाली नाही तर तुम्ही लगेच नवीन मोटार आणता का? नाही. आधी लाईट आहे का बघता. तिन्ही फेज आहेत का बघता. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटार वर काढायची वेळ सगळ्यात शेवटी. इथंही तीच पद्धत आहे. क्रमानं जायचं, उडी मारायची नाही.

१. तिकडचं मशीन चालू आहे का? एक फोन करा. तिथलं काम सुरू असेल, तर तिथला सर्व्हर बंद नाही. दोन मिनिटांत अर्धा प्रश्न सुटला.

२. रस्ता बरोबर आहे का? दोन्हीकडे इंटरनेट आहे का बघा. आणि पत्ता तोच आहे का बघा. साध्या ब्रॉडबँडला कायमचा पत्ता नसतो. राउटर बंद होऊन चालू झाला की आयपी पत्ता बदलू शकतो. टेंभुर्णीच्या केसमध्ये हेच झालं होतं. जाफराबादला रात्री लाईट गेली, सकाळी राउटरला नवीन पत्ता मिळाला, आणि इकडचा कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत होता. एक सूचना, 'पिंग'ला उत्तर आलं नाही म्हणजे मशीन मेलं असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी फायरवॉल पिंग अडवते.

३. दार उघडं आहे का? एसक्यूएल सर्व्हर साधारणपणे १४३३ नंबरच्या पोर्टवर ऐकतो. फायरवॉलनं तो अडवला असेल तर रस्ता असूनही आत जाता येत नाही. फुकटातल्या एक्सप्रेस आवृत्तीत तर बाहेरून टीसीपी-आयपीनं जोडण्याची सोय सुरुवातीला बंदच असते. ती चालू करून सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते. नवीन कॉम्प्युटर बसवला की हमखास हे राहून जातं.

४. ओळख पटते का? 'लॉगिन फेल्ड' आणि १८४५६ हा नंबर दिसला, तर एका अर्थानं आनंद माना. रस्ता बरोबर आहे, दारही उघडलं, फक्त आतल्या माणसानं ओळखलं नाही. पासवर्ड बदललाय का ते विचारा. त्याच एररमध्ये 'अनॉनिमस लॉगॉन' असं नाव आलं, तर गडबड वेगळी आहे. तुमच्या कॉम्प्युटरनं पहिल्या सर्व्हरला ओळख दिली, पण पहिल्यानं ती दुसऱ्यापर्यंत पोचवली नाही. पाहुण्याच्या ओळखीनं गेलो, आणि पाहुणा दारातच थांबला, असं. हे सेटिंगचं काम आहे. नवीन मशीन घेऊन सुटणार नाही.

५. सगळं होतंय पण उशीर होतोय का? एसक्यूएल सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये दुसऱ्या सर्व्हरला जोडण्यासाठी १० सेकंद वाट बघितली जाते, पण जोडल्यावर उत्तरासाठी ६०० सेकंद. म्हणजे पूर्ण १० मिनिटं! एरर दहा सेकंदांत आली की दहा मिनिटांनी आली, हे घड्याळ लावून बघा. त्यावरूनच दुरुस्ती करणाऱ्याला कळतं की अडचण दारात आहे की आत.

प्रत्येक वेळी वहीत चार गोष्टी लिहा. वेळ, एररचा नंबर, कोणत्या दुकानातून कोणत्या दुकानाकडं, आणि त्याआधी काय बदललं होतं. मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढा. ही वही घेऊन फोन केलात ना, की समोरचा 'थोड्या वेळानं बघा' म्हणत नाही.

बटन बडवू नका

त्याच दुकानात आणखी एक गोष्ट सापडली. नेट स्लो असलं की काउंटरवरचा पोरगा 'सेव्ह' तीन-तीनदा दाबायचा. पहिल्या वेळची नोंद तिकडं पोचलेली असायची, फक्त परतीचं उत्तर आलेलं नसायचं. परत दाबलं की माल परत कमी! गोदामात पिशव्या आहेत आणि कॉम्प्युटर म्हणतो संपल्या. खतवाल्यांनी तर जास्तच जपावं. अनुदानित खताची विक्री आधारवर चालणाऱ्या पॉस मशीनवर होते. मशीनमधला साठा, तुमच्या सॉफ्टवेअरमधला साठा आणि प्रत्यक्ष गोण्या जुळल्या नाहीत, तर तपासणीत उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

ही चूक फक्त छोट्यांची नाही. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडखळलं. एनपीसीआयच्या तपासात निघालं काय, तर काही बँकांच्या यंत्रणा 'त्या व्यवहाराचं काय झालं' हे पुन्हा पुन्हा विचारत होत्या, त्या चौकशांचाच भार झाला. त्यानंतर अशा चौकशांवर मर्यादा आली. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपमध्ये दिवसाला ५० वेळाच बॅलन्स बघता येतो. धडा सोपा आहे. उत्तर आलं नाही तर आधी नोंद झाली का ते तपासा, मगच दुसऱ्यांदा दाबा.

जोडणी तोडता आली पाहिजे

दुसरी घटना ३१ जुलै २०२४ ची. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना बँकिंगची यंत्रणा पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. एनपीसीआयनं काय केलं? तिचं आपल्या पेमेंट यंत्रणेशी असलेलं कनेक्शनच तोडलं. सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडकले. दुसऱ्या दिवशी तपासणी करून परत जोडलं. त्रास झाला, पण रोग पुढं पसरू दिला नाही.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, मधलं दार साऱ्या जगाला उघडं ठेवू नका. '१४३३ पोर्ट बाहेर उघडून देतो, झटकन होईल' असं कुणी म्हणालं तर हात जोडा. व्हीपीएन लावून घ्या, म्हणजे फक्त तुमच्या दोन दुकानांपुरता बंदिस्त रस्ता. दोन, मधला रस्ता तोडला तरी दोन्हीकडचा धंदा चालला पाहिजे.

आणि हाच माझा खरा मुद्दा आहे. टेंभुर्णीच्या ग्राहकाचं बिल जाफराबादच्या लाईटवर अवलंबून ठेवणं, हीच मुळात चूक. प्रत्येक दुकानानं आपलं बिल आपल्याच कॉम्प्युटरवर करावं, आपल्या दुकानातला साठा आपल्याकडं ठेवावा, आणि हिशेबाची देवाणघेवाण दुपारी एकदा, रात्री एकदा व्हावी. 'सगळं लाईव्ह दिसतं' हे ऐकायला भारी वाटतं. पण आपल्या गावात लाईट आणि नेट कसं आहे, हे सॉफ्टवेअर विकणाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. उलट बाजूही सांगतो, कधीकधी शेवटची पिशवी दोन्हीकडं विकली जाईल. चालेल. एका पिशवीचा घोळ फोनवर निस्तरतो. दारातून परत गेलेला ग्राहक फोनवर परत येत नाही.

सॉफ्टवेअर घेण्याआधी तीनच प्रश्न विचारा. नेट गेलं तर बिल निघेल का? नेट आल्यावर नोंदी दुबार होणार नाहीत याची काय सोय? एरर आली तर तिचा नंबर आणि वेळ कुठं दिसेल? विकणारा अडखळला, तर पैसे खिशातच राहू द्या.

आणि हो, ड्रॉवरमध्ये छापील बिलबुक ठेवा. बियाणं उगवलं नाही तर शेतकऱ्याला तक्रारीसाठी लॉट नंबरसकट पक्कं बिल लागतं. ते हातानं लिहिलेलं असलं तरी चालतं.

टेंभुर्णीच्या मालकांनी आता व्हीपीएन घेतलंय, बिलं इथल्या इथं होतात. नवीन सर्व्हर घेतला नाही. ते तीन शेतकरी मात्र अजून समोरच्याच दुकानात जातात.

तुमच्या दुकानात आज काय काय कशाला जोडलंय, त्याचं एक चित्र कागदावर काढा. कुठली रेघ तुटली तर धंदा थांबतो, तिथं लाल खूण करा. पुढच्या व्हिडिओत त्या लाल खुणांवरच बोलू.