आईच्या विळीचा दोष नाही

“गरोदर बाईने ग्रहण पाळलं तर बिघडतं काय? काही तास विळीला हात लावायचा नाही, एवढंच ना?” हे मी लहानपणापासून ऐकत आलो, कारण ग्रहणात आईने काही चिरलं की बाळाचा ओठ फाटतो अशी समजूत आहे, आणि दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊनच मी जन्मलो.

बिघडतं ते बाळ झाल्यावर. ग्रहण न पाळलेली आई गुन्हेगार ठरते आणि पाळलेलीची उलटतपासणी होते. आईला सातवा महिना असताना ग्रहण लागलं, तेव्हा ती दार लावून बसून होती. तरी घरच्यांचा निकाल ठरलेला: “नकळत काहीतरी चिरलंच असशील.” पाळलं तरी दोष, न पाळलं तरी दोष, अशा समजुतीला अनुभवाचा आधार म्हणता येत नाही.

शिवाय वरचा ओठ गर्भात सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळतो, टाळू बाराव्यापर्यंत. मग सातव्या महिन्यातलं ग्रहण काय फाडणार? जगात साधारण ७०० बाळांमागे एक असं जन्मतं, ग्रहण असो वा नसो. आनुवंशिकता, गरोदरपणातलं धूम्रपान, काही औषधं यांचा संबंध आढळतो. पुष्कळदा नेमकं कारण सापडतही नाही.

आईला दोष देणाऱ्या या बोलण्याचा फटका बाळाला बसतो. लाजेने आई त्याला पदराआड ठेवते आणि उपचार लांबतात. टाळू उघडी असली की बाळाला दूध ओढता येत नाही, ते नाकातून येतं. तिथे बोंडलं किंवा वाटी-चमचा लागतो, बाळाला उभं धरून थोडं थोडं पाजावं लागतं. वजन नीट वाढलं तर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ओठाची आणि वर्षाच्या आसपास टाळूची शस्त्रक्रिया होते. टाळूची फार लांबली तर बोलणं गेंगाणं राहण्याचा धोका वाढतो.

“एका ऑपरेशनात सगळं संपतं” हेही खरं नाही. वाचा-उपचाराच्या वेळी बाई माझ्या नाकाखाली आरसा धरत. ‘पा’ म्हणताना त्यावर वाफ धरली की हवा नाकातून निसटली म्हणायचं, आणि पुन्हा ‘पा’. आज मी नव्या आईबापांना हाच आरसा दाखवतो, आणि मुलाला मागच्या बाकावर बसवणाऱ्या शिक्षकांशी भांडतो. वर्गात उभं राहून बोलणं हा त्या मुलाचा हक्क आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषावर १८ वर्षांपर्यंत मोफत उपचार मिळतात. आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत चौकशी करा. आणि अशा बाळाला बघायला गेलात, तर आईला ग्रहणाचं विचारू नका. दूध कसं पाजतेस, वजन किती वाढलं, दवाखान्यात सोबत येऊ का, हे विचारा.