खाण उशाला, वानवा पोलादाची

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा म्हणजे खनिजांचे आगर. शहरालगतच्या भरवेली येथील भूमिगत मॅंगनीज खाण देशभर प्रसिद्ध आहे; मलांजखंडचे तांबे हिंदुस्थान कॉपर १९८२ पासून काढीत आहे. परंतु त्याच शहरातील एखाद्या लेथवाल्यास हातभर लांबीचा, भरवशाचा पोलादी गज हवा असेल, तर त्यास गोंदिया, नागपूर वा रायपूरच्या बाजाराचे तोंड पाहावे लागते. मांडवी-जुवारीतून लोहखनिजाचे बार्ज वर्षानुवर्षे जाताना पाहिलेल्या गोमंतकीयांस ही विसंगती समजावून सांगावयास नको. खनिज निघते टनांनी. कारागिरास धातू हवा असतो किलोंनी, आणि तोही अस्सल.

प्रश्न केवळ भावाचा नाही. भातगिरणीच्या शाफ्टसाठी सुमारे ०.४ टक्के कार्बनचे ‘ईएन ८’ पोलाद मागावे आणि पदरात साधे मऊ लोखंड पडावे, तर नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. कातकाम होते, झिलई चढते. शाफ्ट वाकतो तो मागाहून, ऐन हंगामात! दोष मात्र लेथवाल्याच्या माथी येतो. मोठ्या कारखान्याजवळ प्रयोगशाळा असते. छोट्याजवळ असते ती केवळ पत.

जानेवारी १९९२ मध्ये पोलादाच्या किमतींवरील सरकारी नियंत्रण उठले. ते योग्यच झाले. पण मोकळ्या बाजारात छोटा कारागीर एकाकी उभा राहिला. त्याची मागणी तुकड्यांची, म्हणून पोलाद कारखाना त्यास दारात उभा करीत नाही. आणि तुकडे विकणारा दुकानदार बहुधा चाचणीचा दाखला देत नाही.

काही दक्षता कारागिराच्या हाती आहे. पावतीवर पोलादाची जात लिहून घ्यावी. दाखल्याची प्रत मागून त्यातील हीट क्रमांक मालावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. गोल गजाच्या मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागिले की मीटरमागे किलोंत वजन मिळते. ४० मिलिमीटरचा गज मीटरला दहा किलोंच्या आसपास भरला पाहिजे. ग्राइंडरवर कार्बनयुक्त पोलादाच्या ठिणग्या अधिक फुटतात. खुणेचा रंग लावलेले टोक शेवटी कापावे, म्हणजे उरलेल्या तुकड्याची ओळख हरवत नाही.

तथापि ठिणगी म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. बालाघाट असो की आपले वेर्णे-कुंडई, छोट्या कारखानदारांनी सहकारी तत्त्वावर एकत्र येऊन दाखल्यासह माल घाऊक आणावा आणि हवा तेवढा कापून घ्यावा. अशा गोदामास जागा, एक करवतयंत्र आणि कठीणपणा मोजण्याचे साधन पुरविणे हे औद्योगिक वसाहती उभारणाऱ्या सरकारांना मुळीच जड नाही. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या मराठी माणसास तर ते अवघड वाटू नये.

भूमीच्या पोटातील धन बाहेर काढणे हा अर्धाच उद्योग होय. ते कारागिराच्या हाती अस्सल रूपात पोहोचेल, तेव्हाच तो पुरा झाला असे आम्ही मानू.