मतदाराची मालमत्तेची अट गेली, उमेदवाराची?

१९३५ च्या कायद्याने या देशात जो मताधिकार दिला, तो माणसाला दिलेला नव्हता. त्याच्या मालमत्तेला, त्याने भरलेल्या कराला आणि त्याच्या शिक्षणाला दिलेला होता. ज्याच्याजवळ जमीन नाही, जो कर भरू शकत नाही आणि ज्याला शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, त्याने राज्यकारभारासंबंधी मत बाळगण्याचे कारण नाही, असा त्यामागचा विचार होता. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. आंबेडकरांनी याच विचारावर बोट ठेवले आणि पुढे सायमन कमिशनपुढे तर सरसकट प्रौढ मताधिकाराचीच मागणी केली. ती मागणी संविधानाने मान्य केली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक स्त्री-पुरुषांची नावे मतदारयादीत होती आणि त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळखही नव्हती. गिरणीमालक आणि गिरणीकामगार, जमीनदार आणि सालगडी यांचे मत एकाच मोलाचे ठरले. जगाच्या इतिहासात एवढ्या मोठ्या प्रमाणावर असा प्रयोग त्यापूर्वी झाला नव्हता.

परंतु हा प्रयोग सुरू होण्याआधीच, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत बोलताना, डॉ. आंबेडकरांनी एक इशारा देऊन ठेवला होता. राजकारणात आपण समता आणीत आहोत आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता तशीच ठेवीत आहोत; ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोकच लोकशाहीचा हा डोलारा उधळून लावतील, असा त्याचा आशय होता. या इशाऱ्याची आठवण आपण दर वर्षी करतो. मात्र ती विसंगती आज कोणत्या वाटेने राजकारणातच शिरली आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. आमचे म्हणणे असे की, मतदारावरची मालमत्तेची अट संविधानाने पुढच्या दाराने घालवली. तीच अट उमेदवारावर मागच्या दाराने परत आली आहे.

कायद्याची अक्षरे पाहिली तर असे वाटणार नाही. पंचवीस वर्षे वयाचा कोणीही भारतीय मतदार लोकसभेसाठी उभा राहू शकतो. त्याने पंचवीस हजार रुपये अनामत भरावी. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराने निम्मी भरावी. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर एक सूचक पुरतो, नाहीतर दहा लागतात. इतके केले की उमेदवारी सिद्ध झाली. पण याच कायद्याखाली २०२२ मध्ये मोठ्या राज्यांतील लोकसभा-उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा पंचाण्णव लाख रुपये आणि विधानसभा-उमेदवाराची चाळीस लाख रुपये ठरवण्यात आली. पहिल्या निवडणुकीच्या वेळी लोकसभेसाठी ती पंचवीस हजार होती. महागाई वाढली, मतदारसंघ फुगले, हे खरेच आहे. तरीही वाचकांनी एक साधा हिशेब करून पाहावा. महिन्याला वीस हजार रुपये मिळवणाऱ्या कामगाराने पोटाला चिमटा नव्हे, पोटच बांधून ठेवले आणि एक पैसाही खर्च केला नाही, तरी पंचाण्णव लाख जमण्यास त्याला जवळजवळ चाळीस वर्षे लागतील. आणि ही तर कायद्याची मर्यादा झाली. प्रत्यक्षात ज्या उमेदवारांची नावे मतदारांच्या कानांवर खऱ्या अर्थाने पडतात, त्यांचा खर्च या मर्यादेच्या आत राहतो असे कोणताही कार्यकर्ता छातीला हात लावून सांगणार नाही.

मग मर्यादा असते कशासाठी? ती कशी चालते हे समजून घेण्यासारखे आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे उमेदवाराने नामनिर्देशनाच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतच्या खर्चाचा स्वतंत्र आणि खरा हिशेब ठेवायचा असतो. निकालानंतर तीस दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करायचा. मर्यादा ओलांडणे हा कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरतो आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. मांडव, खुर्ची, ध्वनिक्षेपक, चहाचा पेला यांचे दर ठरवलेले असतात आणि निरीक्षक ते तपासतात. चहाच्या पेल्याचा हिशेब मागणारा हा कायदा थैल्यांच्या बाबतीत मात्र डोळे मिटतो. नामनिर्देशनापूर्वी महिनोन् महिने चाललेल्या मेळाव्यांचा खर्च त्याच्या हिशेबात येत नाही. पक्षाच्या नेत्यांचा विमान-हेलिकॉप्टरचा प्रवास येत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, पक्षाने आपल्या सर्वसाधारण प्रचारावर किती खर्च करावा याला मर्यादाच नाही. घराच्या खिडकीला गज आणि दाराला कडीही नाही, अशी ही व्यवस्था आहे.

हे दार चुकून उघडे राहिलेले नाही. ३ ऑक्टोबर १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका मतदारसंघाच्या खटल्यात, कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या प्रकरणात, असा निर्णय दिला की, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरला पाहिजे. न्यायमूर्ती भगवतींनी त्यामागचे तत्त्वही स्पष्ट केले होते: खर्चाला मर्यादा नसेल तर धनवान पक्ष आणि धनवान उमेदवार यांनाच निवडणूक खुली राहील. याला उत्तर म्हणून त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला आणि पुढे संसदेने कायदा केला. पक्षाने, मित्रांनी वा इतर कोणी केलेला खर्च उमेदवाराचा समजला जाणार नाही, असे स्पष्टीकरण कलम ७७ ला जोडण्यात आले आणि तेही पूर्वलक्षी प्रभावाने. तत्कालीन पंतप्रधानांच्या निवडणुकीविरुद्ध राजनारायण यांनी केलेला अर्ज त्या वेळी अलाहाबाद उच्च न्यायालयात प्रलंबित होता, हे लक्षात घेतले म्हणजे या घाईचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

त्यानंतरचा इतिहास खेदजनक आहे. हे स्पष्टीकरण १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले. १९९३ मध्ये आपल्याच अहमदनगर मतदारसंघाच्या खटल्यात त्याच न्यायालयाला म्हणावे लागले की, खर्चाची ही मर्यादा म्हणजे निव्वळ धूळफेक आहे. १९९० च्या दिनेश गोस्वामी समितीने सुधारणा सुचवल्या. १९९८ च्या इंद्रजित गुप्ता समितीने मान्यताप्राप्त पक्षांना सरकारने वस्तुरूपाने साहाय्य द्यावे असे सांगितले. २००३ मध्ये ते स्पष्टीकरण अरुंद करण्यात आले आणि पक्षनेत्यांच्या प्रवासखर्चापुरती सवलत उरली. तथापि पक्षाच्या एकूण खर्चावर बंधन घालण्याचे धैर्य कोणत्याही सरकारने दाखवले नाही. काँग्रेस, जनता, भाजप, आघाड्या, सर्वांची सरकारे आली आणि गेली; या एका बाबतीत राज्यकर्त्यांचे विलक्षण एकमत राहिले.

पैसा खर्च होतो तो कोठून तरी येतोही. या प्रश्नाचा पहिला गंभीर इशारा मुंबईतूनच दिला गेला. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देण्याची मुभा हवी होती. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्यात मनाई नसल्याने ती दिली. परंतु हा प्रघात लोकशाहीला धोकादायक असल्याचे सांगून संसदेने याकडे लक्ष द्यावे, असे बजावलेही. संसदेने लक्ष दिले ते कसे, पाहा. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. पैसा थांबला नाही, तो काळा झाला. १९८५ मध्ये बंदी उठली आणि नफ्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा आली. २०१३ मध्ये ती साडेसात टक्के झाली. २०१७ मध्ये मर्यादाच काढून टाकण्यात आली. म्हणजे तोट्यातल्या कंपनीलाही पक्षाला वाटेल तेवढी देणगी देण्याची वाट मोकळी झाली. २०१८ पासून निवडणूक रोखे विक्रीस आले. कोणी कोणाला दिले हे मतदाराला कळू नये, अशी त्यांची मांडणीच होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना आणि तिच्यासोबत कंपन्यांवरची मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द केली. तोवर सोळा हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचे रोखे विकले गेले होते आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा केंद्रातील सत्ताधारी पक्षाकडे गेला होता. निकाल स्वागतार्ह होता. पण त्याने एक पाट बुजवला, नदी अडवली नाही. वीस हजार रुपयांपर्यंतच्या देणगीचा दाता जाहीर करण्याचे बंधन पक्षावर नाही. मोठ्या रकमेचे तुकडे करण्यास कितीसा वेळ लागतो?

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. पैशाने मते मिळतातच असे कोठे आहे? १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांच्यासारख्या, मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणवल्या जाणाऱ्या नेत्याला जॉर्ज फर्नांडिस यांनी पाडले. राजापूरच्या मतदारांनी मधु दंडवते यांना १९७१ पासून सलग पाच वेळा लोकसभेत पाठवले, ते काही थैल्यांच्या जोरावर नव्हे. १९७७ मध्ये मृणाल गोरे उत्तर मुंबईतून निवडून आल्या आणि देशभर लोकांनी मताबरोबर पदरचे पैसेही दिले. आजही एका पक्षाची पाकिटे घेऊन दुसऱ्या पक्षाला मत देणारा मतदार आपण पाहतोच.

हे सारे खरे आहे आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. गरीब मतदार विकाऊ आहे, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही कधीही बसणार नाही. परंतु या आक्षेपात एक गफलत आहे. पैशाचे निर्णायक काम मतदानाच्या दिवशी होत नाही; ते त्याच्या कितीतरी आधी, तिकीटवाटपाच्या खोलीत होते. ‘निवडून येण्याची क्षमता’ या गोंडस नावाखाली तेथे विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो, ‘किती खर्च करू शकाल?’ वीस वर्षे संघटनेत राबलेली अंगणवाडी सेविका, ऊसतोड कामगारांचा पुढारी, तालुक्याच्या गावी दुष्काळाच्या प्रश्नावर मोर्चे काढणारा शिक्षक, यांची नावे त्या प्रश्नापाशीच गळतात. मतपत्रिकेवर किंवा यंत्रावर जी नावे उरतात, ती ठेकेदारांची, कारखानदारांची, शिक्षणसंस्थांच्या धन्यांची आणि त्यांच्या मुला-सुनांची असतात. मतदार त्यांच्यातून निवड करतो आणि ती स्वतंत्रपणे करतो. पण त्याच्यापुढे कोणाला उभे करावयाचे हे आधीच दुसऱ्या कोणी ठरवलेले असते. ज्याने खर्च केला त्याला तो वसूल करावा लागतो आणि ज्याने थैली दिली त्याला तिची परतफेड हवी असते. जमिनीचे आरक्षण का उठते, कामगार कायदे सैल का होतात, याची उत्तरे पुष्कळदा या हिशेबात दडलेली असतात.

ही जाणीव नवी नाही. इंग्लंडमधील चार्टिस्ट कामगारांनी १८३८ मध्ये आपल्या सनदेत मताधिकाराइतक्याच आग्रहाने आणखी दोन मागण्या केल्या होत्या: खासदार होण्यासाठीची मालमत्तेची अट रद्द करा आणि खासदारांना वेतन द्या. गरिबाला मत देऊन भागत नाही, त्याला उभेही राहता आले पाहिजे, हे त्या श्रमिकांना पक्के ठाऊक होते. तेथे ती अट १८५८ मध्ये गेली, वेतन १९११ मध्ये आले. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा १८८३ मध्येच आली होती. पक्षांच्या देशव्यापी खर्चाला ती २००० साली घालण्यात आली. तेथेही सारे आलबेल नाही. परंतु पक्षाच्या खर्चाला मर्यादा घालणे अशक्य आहे, हा आपल्याकडचा युक्तिवाद टिकत नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पक्षाच्या निवडणूक-खर्चाला, तो लढवीत असलेल्या जागांच्या प्रमाणात, कायद्याने मर्यादा घाला. उमेदवाराचा हिशेब निवडणूक जाहीर झाल्या दिवसापासून सुरू करा. प्रत्येक देणगीचा दाता मतदानापूर्वी जाहीर करा. मतदानानंतर दिलेली माहिती इतिहासाला उपयोगी पडते, मतदाराला नाही. आणि हे तीन उपाय झाल्यावरच सरकारी साहाय्य द्या. तेही रोख नको. सभागृहे, प्रत्येक घरी पोहोचणारी सर्व उमेदवारांची छापील माहितीपत्रिका, नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरील वेळ या रूपाने द्या. मर्यादेविना दिलेले सरकारी साहाय्य म्हणजे धनवानांच्या ताटात जनतेच्या खर्चाने वाढलेला आणखी एक पदार्थ ठरेल.

ज्यांना या व्यवस्थेचा लाभ होतो, ते ती आपण होऊन बदलणार नाहीत. तेव्हा सुरुवात खालूनच करावी लागेल. आपल्या गावात, आपल्या प्रभागात मत मागण्यास येणाऱ्या प्रत्येक पक्षाला नागरिकांनी भर सभेत विचारावे की, तुमचा उमेदवार कोणी निवडला आणि त्याचा खर्च कोण करीत आहे? आणि ज्या उमेदवारामागे थैली नाही पण काम आहे, त्याच्यासाठी आपल्या खिशातून दहा-वीस रुपये काढून पावती मागून घ्यावी. हजार माणसांच्या दहा-दहा रुपयांनी उभा राहिलेला प्रतिनिधी हजार माणसांना बांधील राहतो. प्रौढ मताधिकाराचे अर्धे काम १९५० मध्ये झाले. उरलेले अर्धे, म्हणजे सालगड्याच्या मुलीला मत देता येते तसे मत मागताही येणे, अजून बाकी आहे.