आतून स्वच्छ म्हणजे सुरक्षित?

हैतीच्या क्रिओल भाषेत 'त्वालेत देबा' असा एक शब्दप्रयोग आहे. अर्थ साधा, खालची स्वच्छता. पण ती फक्त बाहेरून नाही. उकळलेल्या पाल्याचं पाणी, व्हिनेगर, साबण, जे घरात चालत आलंय त्याने योनी आतून धुवायची. आई-आजीने मुलीला शिकवायचं. बऱ्याच जणींसाठी हे आंघोळीइतकंच रोजचं. असं केलं की आजार लांब राहतात, हा त्यामागचा विश्वास.

गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाहीच) योनीला आतून धुण्याची गरजच नसते. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू मुक्कामाला असतात. ते लॅक्टिक ॲसिड बनवतात, पीएच साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि नको ते जंतू तिथे टिकत नाहीत. थोडक्यात, फुकटचा वॉचमन. साबण घालून आपण त्यालाच हाकलतो, मग इन्फेक्शनला दार उघडं.

आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर? त्याचं मूळ एचपीव्ही हा व्हायरस. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. हा व्हायरस शरीरसंबंधातून पसरतो आणि पाल्याच्या पाण्याने धुऊन जात नाही. बहुतेकींचं शरीर त्याला एक-दोन वर्षांत स्वतःच संपवतं. जिथे तो ठाण मांडतो, तिथेही कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. म्हणजे पकडायला भरपूर वेळ असतो. पण 'मी तर रोज स्वच्छता करते' असं वाटणारी बाई टेस्टला कशाला जाईल? आणि कॅन्सर झालाच, तर तिने स्वच्छता पाळली नसेल अशी कुजबुज. मला तर हे पाल्याच्या पाण्यापेक्षा जास्त घातक वाटतं. शिवाय हा व्हायरस पुरुषांकडूनही येतो, त्यांना कुठली आजी काय शिकवते?

अमेरिकेत मायामीमध्ये 'लिटल हैती' नावाची वस्ती आहे, हैतीहून आलेल्या लोकांची. तिथे या कॅन्सरचं प्रमाण आसपासच्या भागापेक्षा कितीतरी जास्त निघालं. मायामी विद्यापीठाच्या एरिन कोबेट्झ आणि त्यांच्या टीमने काय केलं, तर लेक्चर देत बसले नाहीत. वस्तीतल्याच, क्रिओल बोलणाऱ्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या घरी जायच्या, गप्पा मारायच्या आणि एक स्वॅब द्यायच्या. नमुना बाईने स्वतःच घ्यायचा, घरच्या घरी. ना टेबलावर झोपणं, ना अनोळखी डॉक्टर.

मायामीतल्याच एका ट्रायलचे आकडे २०१८ मध्ये आले. त्यात हैतीच्या, हिस्पॅनिक आणि आफ्रिकन-अमेरिकन अशा ६०० बायका होत्या. नुसती माहिती दिली तेव्हा ३१ टक्के जणींनी तपासणी केली. आरोग्यसेविकेने पॅप टेस्टपर्यंत पोचायला मदत केली, तेव्हा ४३ टक्के. आणि स्वतः नमुना घ्यायचा पर्यायही दिला, तेव्हा थेट ७७ टक्के! मला यात एक गोष्ट भारी वाटते. ज्या बाईला लहानपणापासून स्वतःच्या शरीराला हात लावायचा संकोच नाही, तिला तो स्वॅब अवघड का वाटावा? आजीने दिलेली ही सवय इथे उपयोगीच पडणार. फक्त हातात व्हिनेगरऐवजी स्वॅब.

'काय मागासलेपणा' असं वाटत असेल, तर कॉलेजजवळच्या मेडिकलमध्ये एक चक्कर मारा. सुगंधी 'इंटिमेट वॉश'च्या बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसतील. 'फ्रेशनेस'ची तीच भीती, फक्त पॅकिंग गुलाबी.

आणि खरा उपाय तर आपल्याकडेच तपासून झालाय. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर अभ्यास झाला. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची माणसं गावोगाव फिरली. ज्या गटाला एचपीव्ही टेस्ट मिळाली, तीही एकदाच, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. निकाल २००९ मध्ये छापून आला. आपल्यापैकी बहुतेकांच्या आया आज त्याच वयोगटात आहेत. आणि लस? ती पुण्यातच बनते, आणि वयाच्या नवव्या वर्षापासून घेता येते.