ताबा कोणाचा?

कसाऱ्याहून सुटलेली पहाटेची लोकल आटगाव मागे टाकून आसनगावास पोहोचेपर्यंत डब्यातील निम्म्या हातांत मोबाईल उघडलेले असतात, आणि अलीकडे त्यांतील काही पडद्यांवर गाणी वा बातम्यांच्या ऐवजी कोणाची तरी ओसरी, कोणाचे तरी फाटक, कोणाच्या तरी गोठ्यापुढचे अंगण दिसू लागले आहे. मुरबाडास रेल्वे नाही, आणि तेथील प्रवाह काहीसा उलटा आहे. मालक मुंबईस किंवा डोंबिवलीस, आणि बारवीच्या अंगाला वा टोकावड्याच्या वाटेवर बांधलेले त्याचे फार्महाऊस आठवड्यातील पाच दिवस एका रखवालदाराच्या व चार कॅमेऱ्यांच्या हवाली. दोन्ही ठिकाणी आमच्या व्यवसायाकडून मागणी मात्र एकच होते : "मोबाईलवर चालू करून द्या."

या चार शब्दांत कामाचा जो भाग येतो, त्याकडे आपण कारागीर मंडळी ज्या बेफिकिरीने पाहतो ती आम्हांस दिवसेंदिवस चिंतेची वाटू लागली आहे. केबल ओढणे, भिंतीस भोके पाडणे, बीएनसीचे टोक नीट बसविणे, पावसाचे पाणी जोडणीत उतरू नये म्हणून डबा लावणे, यांत दोन दिवस गेले तरी कोणी कुरकुर करीत नाही. परंतु ज्या क्षणी त्या घराचे चित्र घराबाहेर जाऊ लागते, तो क्षण आपण उन्हातान्हाच्या शेवटच्या दहा मिनिटांत, चहा गार होण्यापूर्वी उरकतो.

मुळात दूरचा माणूस घरच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो कसा, हे आपल्यापैकी पुष्कळांस हाताने येते, सांगता येत नाही. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलेल्यास माथ्यावर एक दगडी रांजण दिसतो, ज्यास परंपरा जकातीचा रांजण म्हणते. कल्पना करा, की खालच्या साऱ्या गावांचा माल त्या एकाच नाक्यावरून वर जातो. जाणाऱ्याचे नाव नाकेदार वहीत टिपून घेतो आणि त्याच्या नावे उत्तर आले की ते बिनचूक त्याच्याकडे धाडतो. परंतु वरून एखादा अनोळखी इसम उतरून "धसईतल्या तिसऱ्या घरी जायचे आहे" म्हणू लागला, तर वहीत अशी नोंद नसल्यामुळे नाकेदार त्यास परत फिरवितो. घरातला राऊटर हा असा नाकेदार होय. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्याला दिलेला कायमचा हुकूम, की अमुक क्रमांकाने विचारणारा जो कोणी येईल त्यास काही न पुसता थेट डीव्हीआरच्या दारी पोहोचवावे. ज्याने हा हुकूम लिहिला त्याने "जो कोणी" या दोन शब्दांवर क्षणभर थांबावयास हवे होते.

आता या नाक्यावर दुसरा नाका बसला आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर सुमारे ४२९ कोटी. त्यांच्या जागतिक कोठारातील अखेरचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाची निबंधक संस्था शिधावाटपावर आली. तेव्हापासून सेवा देणाऱ्या कंपन्या शेकडो ग्राहकांस एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवितात, आणि या मधल्या व्यवस्थेसाठी १००.६४पासून १००.१२७पर्यंतचे पत्ते २०१२ साली राखून ठेवण्यात आले. वरच्या नाक्यावर तुमचा हुकूम चालत नाही. शहापुरात सिमवाल्या राऊटरवर किंवा एखाद्या केबलवाल्याच्या फायबरवर अर्धा दिवस पोर्ट उघडीत बसलेले, आणि शेवटी यंत्रासच दोष देऊन उठलेले तंत्रज्ञ आम्ही पाहिले आहेत. राऊटरच्या पानावर बाहेरचा म्हणून जो पत्ता लिहिलेला असतो तो, आणि इंटरनेटवरून पाहिल्यास आपला म्हणून जो पत्ता दिसतो तो, हे दोन्ही ताडून पाहण्यास एक मिनिट पुरते. ते जुळले नाहीत तर पोर्टचा नाद सोडावा. ग्राहकास दरमहा जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी घ्यावयाचा आहे काय, एवढेच विचारावे.

याच अडचणीतून क्यूआर कोडची पद्धत रुळली. डीव्हीआर स्वतः होऊन निर्मात्याच्या सर्व्हरशी बोलणे सुरू करतो, मोबाईलही तेथेच जातो, आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. नाकेदाराच्या वहीत आतून गेलेल्याची नोंद असल्यामुळे तो आडवा येत नाही. कित्येकदा थेट गाठ पडत नाही, आणि मग सारे चित्रच त्या सर्व्हरमार्गे फिरते. भातसा आणि तानसा यांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईस जाते आणि धरणाशेजारच्या पाड्यांस उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे आपण जन्मभर पाहत आलो आहो. आता ओसरीचे चित्रही आधी परमुलखातल्या कोणा सर्व्हरवर जाऊन मग त्याच ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या मोबाईलवर येते, याचे कोणास आश्चर्य वाटेनासे झाले आहे. ही पद्धत उघड्या पोर्टापेक्षा बरी, हे आमचे मत आहे. निर्दोष आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही, कारण अशा एका प्रचलित प्रणालीतील यंत्रांचे अनुक्रमांक अंदाजाने ओळखता येतात हे २०१९ साली उघडकीस आले होते. ज्यास जमेल त्याने घरातच व्हीपीएनची तजवीज करावी, आणि बाहेरून येणाऱ्यास आधी त्या बोगद्यात घेऊन मगच डीव्हीआरपुढे उभे करावे. मोठ्या फार्महाऊसच्या मालकास एवढा खर्च जड नाही.

कारखान्याहून आलेला पासवर्ड तसाच ठेवल्याने काय होते, याचा जगाने घेतलेला धडा २१ ऑक्टोबर २०१६चा. मिराई नावाच्या उपद्रवी प्रणालीपाशी विशेष विद्या नव्हती. नाव व पासवर्ड यांच्या साठ-बासष्ट जोड्यांची एक यादी होती. ती यादी घेऊन तिने उघड्या दारांवर टकटक केली, लक्षावधी कॅमेरे, डीव्हीआर व राऊटर अंकित केले, आणि त्या दिवशी अमेरिकेतील अनेक नामांकित संकेतस्थळे तासन्‌तास बंद पाडली. पण अमेरिका लांब आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये राजकोट येथील एका प्रसूतिगृहाच्या कॅमेऱ्यांतून तपासणीस आलेल्या स्त्रियांची चित्रे बाहेर पडली आणि चक्क विक्रीस लागली. गुजरात पोलिसांनी धरलेल्या इसमांत लातूर व सांगली येथून पकडलेले होते, आणि तेथेही मूळचा पासवर्ड बदललेला नव्हता, असे पुढे प्रसिद्ध झाले. तपासणीच्या खोलीत कॅमेरा बसविणारा कोणी तरी आपल्याच व्यवसायातील होता, हा विचार आमच्या मनातून जात नाही. तशी जागा दाखविणाऱ्या ग्राहकास "येथे बसविणार नाही" असे सांगण्याचा अधिकार कारागिरास आहे, आणि माजघराच्या बाबतीतही तो त्याने वापरावा.

केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२४च्या अधिसूचनेने कॅमेऱ्यांच्या सुरक्षा-चाचणीची सक्ती केली व ती वर्षभराने अमलात आली, हे इष्टच झाले. परंतु प्रयोगशाळा यंत्र तपासते; ते यंत्र धसईच्या भिंतीवर चढल्यानंतर त्याची वहिवाट कोणाकडे राहते, हे कोणी तपासीत नाही.

खरा प्रश्न त्या वहिवाटीचा आहे. गेल्या पावसाळ्यात मुरबाडजवळच्या एका घरी, वीज कडाडून बंद पडलेला डीव्हीआर पाहण्यास आम्ही गेलो. पासवर्ड विचारला, तर घरधन्यास ठाऊक नव्हता. सहा वेळा एक दाबून पाहिला, दार उघडले. आत शिरल्यावर दिसले, की मुख्य खाते तीन वर्षांपूर्वी काम करून गेलेल्या फिटरच्या मोबाईल क्रमांकावर आहे आणि घरधनी त्यात केवळ पाहुणा आहे. त्या फिटरच्या मनात काही काळेबेरे होते असे आम्हांस मुळीच वाटत नाही. घरच्या माणसांनीच त्यास म्हटले होते, "तुमच्याच मोबाईलवर ठेवा दादा, आम्हांला काय कळतंय त्यातलं." त्याने ठेवले. पुढे त्याने मोबाईल विकला असेल, क्रमांक बदलला असेल, सोडलेला क्रमांक कंपनीने दुसऱ्या कोणास दिला असेल. सातबारा घरधन्याच्या नावे आणि वहिवाट भलत्याचीच, असा हा प्रकार. जमिनीच्या बाबतीत असे घडते तर मुरबाडचा माणूस तलाठ्याच्या दारी धरणे धरून बसला असता.

रेंजविषयी दोन शब्द. धसई हे १ डिसेंबर २०१६ रोजी रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले, तेव्हापासून यंत्र आणणे सोपे व रेंज टिकविणे कठीण हे तालुक्यास ठाऊक आहे. चित्राचा ओघ सेकंदास एक मेगाबिट धरला, तर रोजचा दोन जीबींचा डेटा साडेचार तासांत संपतो. म्हणून मोबाईलवर सबस्ट्रीमच लावावी. आणि डीव्हीआरला यूपीएस देऊन राऊटरला न देणे हा वेडेपणा आता थांबावा, कारण लाईट जाते त्याच रात्री मालकास घर पाहावेसे वाटते.

यापुढे या मासिकाच्या वाचकांनी काम संपल्यावर एक ताबेपावती द्यावी, अशी आमची सूचना आहे. तीत यंत्राचा अनुक्रमांक, खाते कोणाच्या मोबाईल क्रमांकावर आहे, कोणते पोर्ट उघडे आहेत (बहुधा "एकही नाही" असे लिहिता यावे), राऊटरमधील यूपीएनपी बंद केले की नाही, आणि फर्मवेअर कोणत्या तारखेचे, एवढा तपशील असावा. पासवर्ड तीत लिहू नये. तो घरच्या माणसाने, शक्यतो घरातल्या कर्त्या बाईने, स्वतःच्या बोटांनी टाकावा, आणि ती टाकीत असता आपण उठून अंगणात शिडी आवरावी. मग परत आत येऊन आपल्या मोबाईलमधून ते घर तिच्यासमोर काढून टाकावे आणि पावतीवर तिची सही घ्यावी. नमुन्याची पावती या अंकाच्या शेवटच्या पानावर छापली आहे. तिच्या प्रती काढण्यास आमची परवानगी विचारण्याचे कारण नाही.