वॉर्निंगला उत्तर द्या, मुजरा नको

सबमिशनचा आठवडा आला की आपल्या हॉस्टेलवर दोन पंथ तयार होतात. पहिला पंथ मुजरेवाल्यांचा. कोड तपासणारं टूल जे म्हणेल ते 'जी हुजूर' म्हणून करायचं, बदल का केला ते विचारायचं नाही. दुसरा पंथ तोंड दाबणाऱ्यांचा. ओळीवर 'दुर्लक्ष कर'ची खूण टाकायची, वॉर्निंग गप्प, आपण चहाला मोकळे. गंमत म्हणजे दोन्ही पंथांचा रिपोर्ट शेवटी सारखाच दिसतो : एकूण वॉर्निंग्ज शून्य. गाईड खूश, ग्रुप खूश, टर्मवर्कचे मार्क पक्के.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे शून्य फसवं आहे, आणि त्याला मार्क देणं आपल्या विभागाने बंद करावं. टूलची वॉर्निंग हा हुकूम नसतो आणि शिवीही नसते. तो एक प्रश्न असतो. प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं, तेही लिहून, कारणासकट.

हे हवेत बोलायला नको म्हणून एक खरा विषय घेऊ. बीईचे काही ग्रुप हल्ली लिनक्सच्या केव्हीएमवर स्वतःचं छोटंसं व्हर्च्युअल मशीन चालवून दाखवतात. (केव्हीएम 2007 च्या फेब्रुवारीत लिनक्स 2.6.20 बरोबर आलं.) यात मेमरीचा मामला असा असतो : आतल्या गेस्टला वाटतं की मेमरी शून्य पत्त्यापासून सुरू होते आणि सगळी आपलीच आहे. प्रत्यक्षात ती होस्टवरच्या एका साध्या प्रोग्रामने मागून घेतलेली जागा असते. गेस्टचा पत्ता आणि खरा पत्ता यांची सांगड घालायची जबाबदारी होस्टची. थोडक्यात, पोरगा समजतो खोली नंबर 1 माझी, पण ती खोली खरोखर कुठल्या मजल्यावर आहे ते फक्त रेक्टरच्या रजिस्टरला ठाऊक. रजिस्टर चुकलं तर पोरगा दुसऱ्याच्या खोलीत शिरणार.

आता अशा प्रोजेक्टवर टूल चालवलं की हमखास येणाऱ्या तीन वॉर्निंग्ज पाहा.

पहिली : 'एमएमॅपचं उत्तर नलशी ताडलं आहे.' इथे टूल शंभर टक्के बरोबर. एमएमॅप फसला तर तो नल देत नाही, 'मॅप फेल्ड' देतो, म्हणजे उणे एक. त्यामुळे आपली तपासणी कधी लागूच होणार नाही, आणि मेमरी मिळाली नसताना प्रोग्राम मिळाल्यासारखा पुढे जाईल. उत्तर एका ओळीचं : 'मान्य. तपासणी बदलली.' वाद घालायला जागाच नाही.

दुसरी : '32 बिटांत गुणाकार करून उत्तर 64 बिटांत ठेवलं आहे.' पानांची संख्या 32 बिटांची, ती 12 घरं डावीकडे सरकवून बाइट्स काढले. लॅबमध्ये गेस्टला 512 एमबी देतो, सगळं छान चालतं. मग पोरं म्हणतात, 'टूल उगाच ओरडतंय.' पण जरा हिशेब करा. पान 4096 बाइट्सचं. 10,48,576 पानं झाली की बरोबर 4 जीबी होतात, आणि 32 बिटांत त्याचं उत्तर येतं शून्य! 5 जीबी मागितले तर उत्तर येतं 1 जीबी. म्हणजे होस्टने जागा घेतली 1 जीबी आणि गेस्टला सांगितली 5 जीबी. पुढच्या पत्त्यांवर गेस्ट लिहायला लागला की ते लिखाण आपल्याच प्रोग्रामच्या भलत्या मेमरीवर जाऊ शकतं. इथे 'आमच्याकडे एवढी रॅमच नाही' हे उत्तर चालणार नाही. चालेल असं उत्तर दोनच : एक तर आधी 64 बिट करून मग सरकवा, नाहीतर 4 जीबीच्या खालची मर्यादा कोडमध्ये घाला आणि तसं लिहा.

तिसरी खरी मजेची : 'घेतलेली मेमरी परत केलेली नाही.' प्रोग्राम एकच गेस्ट चालवतो आणि संपतो, असं असेल तर प्रोग्राम संपताना कर्नल ती जागा आपोआप परत घेतो. वॉर्निंग खरी, पण नुकसान काही नाही. तोच प्रोग्राम एकामागून एक पन्नास गेस्ट सुरू-बंद करणार असेल तर मात्र गळती खरी. आणि मुजरेवाला काय करतो? टूलने सुचवलं म्हणून जिथे दिसेल तिथे एमअनमॅप टाकतो. तेव्हा डिव्हाइसचं काम बघणारा थ्रेड अजून त्याच मेमरीत वाचत-लिहीत असेल तर प्रोग्राम जागच्या जागी कोसळतो. म्हणजे निरुपद्रवी वॉर्निंग घालवली आणि खरा बग विकत आणला. आधी थ्रेड थांबवायचे, मग मेमरी सोडायची, हा क्रम ज्याने प्रोग्राम लिहिला त्यालाच माहीत असायला हवा.

म्हणजे तीन वॉर्निंग्ज, तीन वेगळी उत्तरं. टूलच्या दृष्टीने तिघी सारख्याच पिवळ्या. फरक करणारं डोकं आपलं.

मुजऱ्याची किंमत काय असते याचं सगळ्यात महागडं उदाहरण जगाने बघितलेलं आहे. 2006 साली डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजवर व्हॅलग्राइंडसारखी टूल्स तक्रार करत होती की जिच्यात अजून काही भरलेलं नाही अशी मेमरी वापरली जातेय. पॅकेज सांभाळणाऱ्याने संबंधित दोन ओळी कॉमेंट केल्या. त्याने ओपनएसएसएलवाल्यांना आधी विचारलंही होतं, कोणी 'नको' म्हटलं नाही. दोन्ही ओळी दिसायला सारख्या. त्यातली एक काढून फारसं काही बिघडलं नसतं. पण दुसऱ्या ओळीतूनच रँडम आकड्यांसाठी लागणारी सगळी अनिश्चितता आत येत होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा नंबर, म्हणजे जास्तीत जास्त 32,768 शक्यता. हे उघड झालं 13 मे 2008 ला. मधल्या काळात डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या एसएसएच वगैरेच्या किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्यासारख्या होत्या, आणि त्या सगळ्या बदलाव्या लागल्या. टूल खोटं बोललं नव्हतं बरं का! 'ही ओळ इथे का आहे' याचं उत्तर न शोधता वॉर्निंग घालवली गेली, एवढंच झालं.

दुसऱ्या पंथालाही एक आहेर. 'असा इनपुट कधी येणारच नाही' हे त्यांचं आवडतं वाक्य. 2015 साली क्यूईएमयूमध्ये 'व्हेनम' नावाचा दोष सापडला. जागा कुठली, तर फ्लॉपी कंट्रोलरचा कोड! 2004 पासून तो तसाच पडून होता. 2015 मध्ये फ्लॉपी कोण वापरत होतं? पण गेस्टमधल्या माणसाने मुद्दाम वेड्यावाकड्या कमांड पाठवल्या तर बफर ओलांडून होस्टच्या प्रोग्रामपर्यंत हात घालता येत होता. फ्लॉपी जोडलेली नसली तरीसुद्धा. व्हर्च्युअल मशीनमध्ये गेस्ट हा आपला मित्र नसतो. तो अनोळखी भाडेकरू असतो. त्याच्याकडून आलेला प्रत्येक आकडा, पत्ता, लांबी संशयाने बघायची. म्हणून जिथे गेस्टचा हात पोचतो तिथल्या वॉर्निंगला 'होत नाही' हे उत्तरच नव्हे.

आणि जे टूल सांगत नाही त्याचं काय? गेस्ट आणि होस्ट एकाच पानावर लिहू शकतात. होस्टने लांबी वाचली, तपासली, ठीक निघाली, आणि वापरण्यासाठी पुन्हा वाचेपर्यंत गेस्टने ती बदलली. तपासलं एक, वापरलं दुसरंच. झेनच्या ड्रायव्हर्सना 2015 च्या शेवटी याच प्रकारासाठी दुरुस्त्या कराव्या लागल्या. आपल्या लॅबमधलं साधं टूल यावर बहुतेक वेळा मूग गिळून बसतं. इलाज सोपा आहे : एकदाच आपल्याकडे कॉपी करा, कॉपी तपासा, कॉपीच वापरा. पण हे सुचायला आधीच्या वॉर्निंग्जवर विचार केलेला असावा लागतो. शून्य वॉर्निंगच्या रिपोर्टमधून ते दिसणार नाही.

आता एआयवाले रिव्ह्यू आल्यापासून प्रश्न आणखी टोकदार झालाय. हे टूल नुसतं 'ओळ 212' म्हणत नाही, छान परिच्छेद लिहून समजावतं. सीनियरने सांगितल्यासारखं वाटतं, म्हणून मान डोलावली जाते. कर्ल या प्रकल्पाकडे बघा. एआयने रचलेल्या पोकळ तक्रारींचा इतका पूर आला की त्यांनी 2026 च्या जानेवारीत बग शोधण्याचं बक्षीसच बंद केलं. त्याच कर्लमध्ये 2025 साली एका संशोधकाने एआय टूल्स नीट वापरून, निवडून पाठवलेल्या यादीतून अनेक खरे दोष दुरुस्त झाले. टूल्स एकाच जातीची. मधे निवड करणारा माणूस होता की नव्हता, फरक तिथे पडला.

'पण कंपनीत तर सगळं ऑटोमॅटिक असतं,' असं काही सर म्हणतात. अहो सर, तिथेही उत्तरच मागतात. गूगलने आपल्या ट्रायकॉर्डर या व्यवस्थेबद्दल 2015 साली लिहिलंय, त्यात प्रत्येक सूचनेखाली 'उपयोगी नाही' असं बटण आहे. एखाद्या तपासणीवर ते फार वेळा दाबलं गेलं तर तपासणीच दुरुस्त करतात, नाहीतर बंद करतात. म्हणजे टूलसुद्धा व्हायवा देतं!

दुसरा आक्षेप मित्रांचा : 'तीनशे वॉर्निंग्ज आहेत रे, उत्तरं लिहीत बसलो तर केटी लागेल.' मान्य. सगळ्यांना सारखं उत्तर नकोच. आधी वाटणी करा. गेस्टकडून येणाऱ्या आकड्यांना स्पर्श करणाऱ्या वॉर्निंग्ज पहिल्या ढिगात. मेमरी घेणं-सोडणं दुसऱ्या ढिगात. नावं, मोकळ्या जागा, न वापरलेली व्हेरिएबल्स हा तिसरा ढीग, त्याला सरसकट एकच ओळ पुरे. पहिल्या ढिगात तीनशे नसतात, फार तर वीस-पंचवीस निघतील. तेवढं एका रविवारी होतं.

म्हणून विभागाकडे मागणी साधी आहे. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये दोन पानं 'वॉर्निंग आणि उत्तर' यासाठी ठेवा. रकाने चार : टूल काय म्हणालं, आम्ही काय केलं, का केलं, कसं तपासलं. 'पटलं नाही' हे उत्तर चालेल, पण कारण हवं. 'कळलं नाही, सरांना विचारलं' हेही चालेल, उलट त्याला जास्त मान द्या. व्हायवाला त्यातल्या कुठल्याही तीन ओळी उचलून विचारा. शून्य वॉर्निंगचे मार्क काढा आणि ते या दोन पानांना द्या.

आणि मित्रहो, विभाग करेल तेव्हा करेल. पुढच्या वेळी 'दुर्लक्ष कर'ची खूण टाकायला हात जाईल तेव्हा तिच्यापुढे निदान एक वाक्य लिहा : का. ते वाक्य जमलं नाही, तर समजा की वॉर्निंग अजून जिवंत आहे.